खायचा चीक, लावायचा चीक

माझी नातसून दर उन्हाळ्यात मला दोन ट्यूब आणून देते. एक बाहेर जाण्याआधी लावायची, दुसरी आल्यावर. मी बरं म्हणते आणि दोन्ही कपाटात ठेवून देते. ऐंशीच्या घरातल्या बाईचं तोंड उन्हाने आता आणखी काय काळं व्हायचं राहिलंय? पण ती हौसेने त्यावरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवते. यात कोरफड आहे आजी, यात काकडी आहे, यात गहू आहे. कोरफड, काकडीपर्यंत मी हसत ऐकते. गव्हाचं नाव आलं की माझं हसू थांबतं, कारण गहू म्हटला की मला चीक आठवतो, आणि चीक म्हटला की माझ्या थोरल्या बहिणीचं तोंड आठवतं. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते आणि अक्का पंधरा-सोळाची. तिचं नाव काशी, पण मी तिला अक्काच म्हणायची.

चीक या शब्दावर आपल्या लोकांनी जरा जास्तच ओझं टाकलंय. गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, फडक्यातून गाळला की तळाशी पांढराशुभ्र बसतो तो चीक. म्हैस व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट दूध येतं तोही चीकच. कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळं कडू पाणी ठिबकतं, त्यालाही आमच्याकडे चीकच म्हणत आणि तो गळून गेल्याशिवाय आतला गर कुणी अंगाला लावत नसे. आणि गावाबाहेर आणि गोठ्यामागे उकिरड्यापाशी रुई उगवते, तिचं पान तोडलं की टपटप दुधासारखा गळतो, तोही चीक. मोठ्या माणसांना यातला फरक सांगावा लागत नाही. लहान पोरीला तो कुणी सांगितला नाही, एवढंच सांगून मी सुटू शकले असते. तशी मी सुटलेही होते, ते पुढे येईल.

आमचं गाव तापीच्या अलीकडच्या काठावर. शहादा नदीपलीकडे. आज तिकडे जायला पूल आहे, गाडी आहे. तेव्हा उन्हाळ्यात पात्र आटलं की वाळूतून बैलगाडीने पलीकडे जायचं. त्या वाळूतच डांगरांच्या वाड्या असत. खरबुजाला आम्ही डांगर म्हणतो. टोपलीभर डांगरं घरात आली की सगळ्या घराला गोड, थोडा मातकट वास यायचा. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. चैत्र-वैशाखात खाली घरात जितकी माणसं तितकंच वर धाब्यावर धान्य, मिरची, पापड, वड्या आणि कुरडया. वर्षभराचं सगळं त्या दीड-दोन महिन्यांत वाळवून ठेवायचं. बायकांचा खरा उन्हाळा धाब्यावर जायचा. पुरुष शेताच्या उन्हाचं सांगत बसत, पण धाब्याच्या उन्हाबद्दल मी कुणालाही तक्रार करताना ऐकलं नाही.

कुरडयांच्या दिवशी पहाटेच चूल पेटायची. भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास दोन दिवस आधीपासूनच घरात भरून असायचा. माय मोठ्या पातेल्यात पाण्याला आधण आणून त्यात चीक ओतायची आणि लाकडी चाटूने घोटत राहायची. आधी सळसळ, मग रटरट, मग चाटू जड होत गेला की पातेलंच जमिनीवर हलल्याचा आवाज. शिजलेला चीक पारदर्शक झाला की पहिली वाटी आम्हा पोरींची. त्यावर कच्चं तेल आणि तिखट-मीठ. जीभ पोळायची, पण थांबवत नसे. मग सोऱ्यात भरून धाब्यावर जुन्या लुगड्यावर कुरडया पडायच्या, एकेक गोल, पांढरी. त्या वाळेपर्यंत कावळे, चिमण्या, खारी आणि शेजारची एक बेरकी शेळी यांच्यापासून त्या राखायच्या. ते काम माझं आणि अक्काचं.

त्या वर्षी आखाजी जवळ आली होती. बाहेरच्या लोकांना अक्षय्यतृतीया म्हटल्याशिवाय कळत नाही. आमच्या खान्देशात मात्र आखाजीला दिवाळीपेक्षा मान. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, आणि निंबाच्या झाडाला झोके बांधतात. आमच्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या निंबाला झोका आठवडाभर आधीच बांधला होता. मी राखण करायला वर बसले की झोक्याचा दोर कुरकुरलेला ऐकू यायचा. अक्काशी ठरलं होतं, दिवस चढेपर्यंत ती, मग मी, मग परत ती. माझी पाळी आली की मी म्हणायची, पाणी पिऊन येते. आणि जिना उतरून थेट निंबाखाली. दोन दिवस मी असंच केलं. अक्का हाक मारायची, मग हाक मारायची बंद झाली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून दोन्ही दिवस ती एकटीच बसली.

आखाजीनंतर पाचव्या दिवशी अक्काला बघायला शहाद्याकडचे पाहुणे यायचे होते. चांगलं घर, चांगली जमीन, मुलगा इंग्रजी चार यत्ता शिकलेला. बोलणी बरीच पुढे गेली होती, फक्त बघणं उरलं होतं. आमचे आबा म्हणजे वडील, कमी बोलणारे. ते तेवढ्यात दोनदा नदीपलीकडे जाऊन आले होते. आणि इकडे राखणीच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला अक्का धाब्यावरून खाली आली तेव्हा तिचं नाक, गाल आणि कपाळ लालभडक झालं होतं. हात लावला की ती मागे सरायची.

मायने आरडाओरडा केला नाही. अक्काच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "चार दिनमा उतरी जाई." मग सुरू झालं ते आमच्या घरचं औषध. सगळ्यात आधी माठातलं पाणी. धोतराचं जुनं मऊ फडकं भिजवून, हलकं पिळून तोंडावर ठेवायचं, गरम झालं की बदलायचं. चोळायचं नाही, पुसायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या ताकाची घडी. दुपारी डांगर कापलं की सालीच्या आतली ओलसर बाजू गालावर. पोटातून कांदा घालून पातळ ताक, कैरीचं पन्हं. तेल लावायचं नाही, हे माय दोनदा म्हणाली, कारण शेजारच्या काकू तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या. आज डॉक्टर सांगतात त्यातलं बरंचसं तिला माहीत होतं. गार पाणी, सावली, भरपूर पिणं, आणि कातडीला एकटं सोडणं. अक्का माजघरात डोळ्यांवर ओली घडी घेऊन पडून असायची आणि मी पंखा हलवायची. दुसऱ्या दिवशी लाली खरंच निम्मी उतरली होती.

त्या दुपारी शेजारी कुरडया घालायच्या होत्या म्हणून मायला बोलावणं आलं. ती ओट्यावरून उतरता उतरता म्हणाली, "सिंधे, अक्काले जरासा चीक लाई दे व. मी आते येस."

तिने कच्च्या गव्हाच्या चिकाची वाटी चुलीमागे झाकून ठेवली होती. तो चीक अंगाला गार लागतो, वाळला की पापुद्र्यासारखा सहज निघतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते असं: गव्हाचा चीक खायचा असतो. आणि आठच दिवसांपूर्वी माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता तेव्हा मायने रुईचं पान तोडून त्यावर चीक लावला होता आणि काटा वर आला होता. म्हणजे लावायचा चीक तो रुईचा. जो तोंडात घालतात तो तोंडाला कोण लावेल? मला आजही त्या विचारात फार मोठी चूक दिसत नाही. मी गोठ्यामागे गेले, चार पानं तोडली, देठ वर धरून धावत आले, आणि अक्काच्या नाकावर, दोन्ही गालांच्या हाडांवर थेंब टिपून बोटाने पसरवले. डोळ्यांवर ओली घडी होती म्हणून तिचे डोळे वाचले. तेव्हा वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगते, रुईचा चीक विषारी असतो, तो कुणीही कधी तोंडाजवळ नेऊ नये.

"थंड लागस," अक्का म्हणाली. मला फार बरं वाटलं. झोके खेळत बसल्याची थोडी तरी भरपाई झाली असं वाटलं. मग थोड्या वेळाने ती उठून बसली. "सिंधे, आग व्हई ऱ्हायनी." मी फुंकर घालू लागले. तिने तोंडावर पाणी मारलं, परत मारलं. माय आली तेव्हा अक्का मोरीत बसून तांब्यावर तांब्या ओतत होती आणि जमिनीवर रुईची पानं पडलेली होती.

"काय लावं?" मायने विचारलं.

"मीच लावा," अक्का म्हणाली. "रुईना."

मायने तिला मोठ्या पोरीला शोभत नाही असं बरंच काही ऐकवलं. अक्का मान खाली घालून ऐकत राहिली. मी खांबाआड उभी होते. मी पुढे आले नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. रात्रीच्या जेवणाआधी मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती इतकंच म्हणाली, "तुले मारीसनी मन्हं तोंड बरं व्हई का?" आणि दुसऱ्या दिवशी तिच्या गालांवर बारीक बारीक फोड आले.

मग तूप धुवायचं ठरलं. तांब्याच्या ताटात गाईचं तूप आणि पाणी घालायचं, तांब्याच्या बुडाने ते गोल गोल फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं. असं शंभर वेळा. शेवटी तूप लोण्याहून पांढरं आणि हलकं होतं आणि लावलं की आग शमते. हे काम मी मागून घेतलं. साठीच्या पुढे गेले की माझी मोजणी चुकायची, आणि कुणी सांगितलेलं नसताना मी परत एकपासून सुरू करायची. आखाजीच्या दिवशी सगळ्या गावच्या पोरी निंबाखाली गाणी म्हणत होत्या, झोका आभाळात जात होता, आणि मी ओसरीत ताट घासत होते. खरंर्र, खरंर्र. मांडीवर ताटाचा वळ उठला होता. मायने पुरणपोळी आणून समोर ठेवली तरी मी उठले नाही, तेव्हा बहुतेक तिला खरं काय ते कळलं असावं.

फोड बसले, खपल्या पडल्या. आणि खाली गालावर आणि नाकावर गुलबट पांढरे डाग राहिले. सात-आठ ठिपके. सावळ्या तोंडावर ते लांबूनही दिसायचे.

पाहुणे सकाळीच आले. मुलाचे वडील आणि मुलाची फुई, म्हणजे आत्या. ती लवकर विधवा झालेली, भावाच्या घरी सगळा कारभार तिच्या हाती. तिच्या शब्दाशिवाय त्या घरात चूल पेटत नाही असं आबा म्हणाले होते. गाडीचे बैल सोडले, हातपाय धुवून झाले, अक्का पदर घेऊन समोर बसली. फुईने नाव विचारलं, गौराईची गाणी येतात का विचारलं, हात बघितले. मग म्हणाली, "इकडे ये व माय, उजेडमा बठ." अक्का दाराशी सरकली. फुईने तिची हनुवटी दोन बोटांनी उचलून उजेडाकडे वळवली.

"हाऊ डाग कशाना शे?"

"उनना," अक्का म्हणाली.

"ऊन सारं तोंड भाजस. असं ठिपका ठिपका नही भाजत." फुईचा आवाज मऊ होता, पण तिने हनुवटी सोडली आणि भावाकडे बघितलं. त्या बघण्यात एकच शब्द होता आणि तो घरातल्या सगळ्यांना ऐकू आला. कोड. तो शब्द एकदा गाडीत बसून नदीपलीकडे गेला असता, तर अक्काचं लग्न तर मोडलंच असतं, पण माझंही, आणि चुलतबहिणींचंही. कोड घराण्यात असतं, असं त्या वेळी सगळे धरून चालत. मुलाच्या वडिलांनी हातातलं पान ताटात परत ठेवलं आणि गाडीवानाला म्हणाले, "गाडी जुप." आतमध्ये पोळ्या झाल्या होत्या, रस काढलेला होता. जेवायला न थांबता पाहुणे निघाले की काय समजायचं ते सगळ्यांना माहीत होतं. आबा उभे राहिले. माय दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मी खांबाआडून बाहेर आले. "तो उनना नही," मी म्हणाले. "चीकना डाग शे. रुईना. मी लावा. माय गव्हुना चीक सांगे, मी रुईना लावा. आनि ऊन बी मन्हामुळेच लागनं, मी झोकावर गयथू."

फुईने माझ्याकडे बघून मान हलवली. "शिकाडेल बोल शे," ती भावाला म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. लग्न मोडत असताना पोरीला पुढे करून खोटं वदवून घेणारी घरं तिने पाहिली असतील. खऱ्या बोलण्यालाही पढवल्याचा वास येतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मला भयंकर राग आला. स्वतःचा, फुईचा, आणि सगळ्यात जास्त त्या शब्दाचा. मी गोठ्यामागे धावले. परत आले तेव्हा माझ्या मुठीत रुईची पानं होती. मायला कळलं, ती "सिंधे" म्हणून पुढे झाली, पण तोवर मी देठ माझ्या उजव्या गालावर दाबला होता आणि बोटाने पसरवला होता, जिथे अक्काला लावला होता तिथेच.

"आते देखा," मी म्हणाले. "मन्हा तोंडले बी येस का नही ते."

माय पाणी घेऊन आली, पण मी गालावर हात धरून खांबाला पाठ लावून बसले आणि धुवू दिलं नाही. फुई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग भावाला म्हणाली, "भाऊ, तू जाय. मी ऱ्हास आठे थोडा दिन." आमच्याच गावात तिची मावसबहीण दिलेली होती. तिच्याकडे फुई उतरली. आमच्याकडे पाण्याचा थेंबही घेतला नाही, पण रोज सकाळी न चुकता आमच्या ओट्यावर यायची. माझी हनुवटी उजेडाकडे वळवायची. "दुखस का?" मी म्हणायची, नाही. "खोटं बोलस," ती म्हणायची आणि बाजूला बसायची. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी फोड. तिसऱ्या दिवशी ती बसली असताना अक्का ताट घेऊन माझ्यासाठी तूप धुवायला बसली. फुई बघत राहिली. मग म्हणाली, पाणी गार हवं, कोमट नको, आणि ताट आपल्याकडे ओढून स्वतःच फेटू लागली. तिचा हात माझ्याहून दुप्पट चालायचा. ताट फिरवता फिरवता ती अक्काशी बोलायची, तिच्या घरच्या म्हशींबद्दल, पपईच्या झाडांबद्दल, भाच्याच्या रागीट स्वभावाबद्दलसुद्धा. बघायला आलेली बाई मुलीसमोर आपल्याच भाच्याची उणीदुणी सांगते, हे आमच्या गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. अक्का हसायला लागली होती.

सातव्या दिवशी माझी खपली निघाली. खाली गुलबट पांढरा डाग, हुबेहूब. आणि तोवर अक्काचे डाग कडेने सावळे होत आत भरत आले होते. फुईने दोघींना शेजारी बसवलं, आधी एकीचं तोंड वळवलं, मग दुसरीचं. मग मायला म्हणाली, "पाणी द्या." तांब्याभर पाणी ती घटाघटा प्यायली. "पोर आमनी शे," ती म्हणाली. "आनि हाई धाकलीले चीक दखाडू नका." आबा पहिल्यांदा मोठ्याने हसले. लग्न पुढल्या आठवड्यातच झालं, पाऊस लागायच्या आत. लग्नात अक्काच्या तोंडावर एकही डाग उरला नव्हता.

माझा मात्र राहिला. बहुतेक मी धुवू दिलं नाही म्हणून, किंवा खपली निघाल्याच्या दुपारीच झोक्यावर उन्हात गेले म्हणून. पांढरा जाऊन तिथे काळपट डाग बसला, उजव्या गालाच्या हाडावर, करंगळीच्या नखाएवढा. मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट मनातल्या मनात मी म्हणायची, फिटलं. अक्काचं जे बिघडवलं ते दुरुस्त केलं, त्याची ही पावती.

पाच-सहा वर्षांनी मला बघायला पाहुणे आले. अक्का दोन मुलं घेऊन आली होती. फुईच्या हाताखाली राहून तिचा आवाज भरीव झाला होता, सगळं घर तीच हाकत होती. मी पदर घेऊन खाली मान घालून बसले. मुलाच्या आईने नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग व्हायचं तेच झालं. "हाऊ डाग कशाना शे?" मी तोंड उघडलं. रुई, चीक, झोका, सगळं सांगायची माझी तयारी होती. खोटं बोलायचं नाही, एवढं मी पूर्वीच ठरवलं होतं.

पण अक्का माझ्याआधी बोलली. माजघराच्या दारात धाकट्याला कडेवर घेऊन ती उभी होती.

"तो तिन्हा नही," ती म्हणाली. "तो डाग मन्हा शे. मन्हा लगीनना. हिनी आतेलगून सांभाळी ठेया."

मला वाटत होतं ते फिटलं आहे. तिच्या लेखी ते कधी देणं नव्हतंच. मी मान वर केली आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. पाहुण्यांना वाटलं, पोरीला आतापासूनच माहेर सुटायचं दुःख झालंय.